दोन वर्षांचे माहेरपण

नाशिकरोडहून एकलहऱ्याला निघाले की गाव दिसण्याआधी औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोदावरीचे, वीज राज्यभर जाते आणि राख मात्र इथेच साठते. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. राहिले ते २१० मेगावॅटचे तीन.

आमचे दाजी याच केंद्रातून निवृत्त झाले. त्यांना भेटायचे म्हणून आम्ही दोघे गेलो खरे, पण मनात दुसरेच होते. भाची अमेरिकेतून परत आली होती आणि एकटीच आली होती. नात्यात कुजबुज सुरू झाली होती : "लग्न तिकडे, मुलगी इकडे. काहीतरी बिनसले असणार!"

जयभीम झाला, चहा झाला. ताईचा चेहरा उतरलेला. विषय काढायला आम्हाला धीर होईना. शेवटी भाचीच हसून म्हणाली, "मामा, मामी, विचारून टाका. सगळी कॉलनी विचारते. नवऱ्याने मला टाकलेले नाही. मला कायद्याने माहेरी पाठवले आहे."

मग तिने समजावून सांगितले. ती अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्तीवर, जे-१ व्हिसावर संशोधनाला गेली होती. हा व्हिसा देवाणघेवाणीचा असतो. तिकडे शिका आणि ते ज्ञान आपल्या देशात न्या, असा त्याचा हेतू. म्हणून १९५६ पासून तिकडच्या कायद्यात एक अट आहे. ती आज कलम २१२(ई) या नावाने ओळखली जाते. सरकारी पैशावर गेलेले, तिकडे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेणारे आणि मायदेशाला ज्या कौशल्यांची गरज आहे अशा यादीतले, या तिघांनी आधी एकूण दोन वर्षे मायदेशी राहायचे. तोवर ग्रीन कार्ड नाही, एच किंवा एल वर्गाचा नोकरीचा व्हिसाही नाही.

"पण जावई तर अमेरिकेचे नागरिक!" आम्ही म्हणालो.

"तिथेच आम्ही फसलो. लग्न झाले की सगळे माफ होते, असे ओळखीतल्या एकाने सांगितले होते. नवरा बायकोसाठी अर्ज करू शकतो, तो मंजूरही होतो. पण ही अट लग्नाने सुटत नाही."

सूट मागण्याचे मार्ग आहेत. आपल्या सरकारचे ना-हरकत पत्र हा एक. पण डॉक्टरांना तो मार्ग बंद आहे आणि अमेरिकन सरकारच्या पैशावर गेलेल्यांना त्याने सहसा सूट मिळत नाही. दुसरा मार्ग, नागरिक असलेल्या जोडीदारावर किंवा मुलावर असाधारण संकट ओढवेल हे सिद्ध करणे. त्याला नुसती दोन वर्षांची ताटातूट पुरत नाही. ९ डिसेंबर २०२४ पासून कौशल्यांच्या यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे अनेकांची सुटका झाली. भाचीची अट सरकारी पैशामुळे होती, म्हणून ती कायम राहिली.

दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "बाबासाहेबांनीही १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी दहा वर्षांच्या नोकरीचा करार केला होता. १९१७ साली ते बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळाली नाही. परत बोलावणाऱ्याने परत आलेल्याची सोयही पाहायला हवी."

त्यांचा रोख आम्हाला कळला. भाची एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिचा अभ्यास कोळशाच्या राखेचा. लहानपणी वाळत घातलेल्या कपड्यांवर जी राख बसायची, तिच्यावर ती अमेरिकेत शिकली. इथे मात्र तिला प्रयोगशाळा नाही. संध्याकाळी आम्ही तिच्याबरोबर फिरायला गेलो. राखेपासून विटा होतात, सिमेंटात ती मिसळतात. पण वाऱ्याने उडणारी, पाण्यात उतरणारी राख शेताचे काय करते हे तिला पाहायचे आहे. शेतकऱ्यांकडून मातीचे नमुने गोळा करून ती डब्यांत भरून ठेवते.

परतताना तिने वही दाखवली. दिवस लिहिलेले : ४११. सलगच राहावे लागते असे नाही, तुकड्यांनीही चालते. पण परदेशात काढलेले दिवस धरत नाहीत. म्हणून ती कुठे जात नाही. जावई रजा घेऊन महिनाभर येऊन गेले.

निघताना ताई म्हणाली, "लोकांना काय सांगू?" आम्ही म्हणालो, "जे आहे तेच सांगायचे. लपवलेस तर कुजबुज वाढेल."

वाचकहो, आपल्या घरातली मुले आता परदेशी जात आहेत. देशाचे पासपोर्ट याच नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापले जातात, पण त्यावरच्या व्हिसाच्या अटी आपणच वाचायच्या असतात. जे-१ व्हिसा आणि डीएस-२०१९ हा कागद सहीआधी नीट वाचा. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे लेखी मत मागवता येते. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी ही गोष्ट मोकळेपणी बोलावी. आणि एखादी लेक माहेरी राहायला आलेली दिसली, तर तर्क लढवण्याआधी तिच्याशी बोलावे.