तेरेखोलच्या वाटेची तयारी

प्रवासाला निघण्यापूर्वीचे दिवस हा प्रवासाचाच पहिला टप्पा होय, असे आम्ही मानतो. सामानाची बांधाबांध ही त्यातली सर्वांत सोपी बाब. वाट कोणती, ऋतू कोणता, कोणाच्या प्रकृतीला काय सोसेल आणि मुख्य म्हणजे आपण कशासाठी निघालो आहोत, याचा निवाडा घरात बसूनच करावा लागतो. येत्या माघी पौर्णिमेला बेळगावहून तेरेखोलला जाण्याचा बेत आमच्या घरी ठरला आहे. अंतर म्हणाल तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचे. परंतु एवढ्या वाटेत तीन राज्ये लागतात. सीमाभागातील आपल्या वाचकांपैकी कित्येकांना ही वाट कधी ना कधी धरावी लागेल, म्हणून या तयारीची हकीकत येथे देत आहोत.

तेरेखोल हे नाव नदीचे, गावाचे आणि किल्ल्याचेही. सह्याद्रीत उगम पावून बांद्यावरून वाहत आलेली ही नदी समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या काठावर टेकडीवर हा किल्ला उभा आहे. समोर दक्षिणेच्या काठावर केरी. पेडणे तालुक्याचा बाकी सारा मुलूख नदीच्या दक्षिणेला आणि हे एवढेसे गाव तेवढे उत्तरेला. त्यामुळे गोव्याच्या या गावी जमिनीवरून जायचे तर महाराष्ट्रातूनच जावे लागते. याचे कारण इतिहासात आहे. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला. पेडणे महाल त्यांच्या हाती आला तो पुढे १७८८ साली. किल्ला एकदा हातून गेला तो गेलाच, आणि नकाशावरचा हा लहानसा ठिपका १९६१ पर्यंत पोर्तुगीज राहिला.

आमच्या प्रवासाचे कारण मात्र किल्ला नव्हे. आमच्या काकूंचे माहेर शिरोड्याचे. त्यांच्या थोरल्या बहिणीला १९५४ च्या उन्हाळ्यात केरीला दिले. त्या काळी शिरोडे-रेडीच्या मुली नदीपलीकडे देणे ही नित्याची गोष्ट होती. होडीत बसले की सासर आणि होडीत बसले की माहेर. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला. पुढल्या वर्षी त्याच दिवशी तेथे हिरवे गुरुजींनी देह ठेवला. त्यानंतर सीमा बंद झाली. राजरोस येजा जवळजवळ थांबली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत या दोघी बहिणींची गाठ पडली नाही. काकू सांगतात, अलीकडच्या काठावरून पलीकडची माणसे दिसत, पण त्यांत आपली ताई कोणती ते ओळखू येत नसे. आज काकूंनी ऐंशी ओलांडली आहे, ताई नव्वदीला टेकल्या आहेत, आणि त्यांची शेवटची भेट होऊन बारा वर्षे लोटली आहेत. ही भेट पुढे ढकलण्यासारखी राहिलेली नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. सर्वांना ते ठाऊक आहे.

आता वाटेविषयी. बेळगावहून निघाले की हिंडलगा, सुळगा मागे टाकून बाची येते आणि पुढे शिनोळीला महाराष्ट्र लागतो. येथून सुरू होणारा चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव एकीकडे गेले आणि चंदगड दुसरीकडे. पाटणे फाटा, नागनवाडी करीत आपण आंबोलीला पोहोचतो. वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पावसाचे हे ठाणे. पावसाळ्यात येथे धुके असे दाटते की दहा पावलांवरचे वळण दिसत नाही, आणि दरडीही कोसळतात. वृद्ध माणूस बरोबर असेल तर आषाढ-श्रावणात हा घाट टाळलेलाच बरा. म्हणूनच आम्ही माघ निवडला. आंबोलीलाच हिरण्यकेशीचा उगम आहे. ती समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वळते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीच्या पाण्याचा एक वाटा आपल्याच जिल्ह्याकडे येतो. सीमेचा दगड पाण्याला अडवीत नाही, ही गोष्ट मुलांना उगमापाशी उभे करून सांगावी, असा आमचा मानस आहे.

घाट उतरून दाणोलीवरून सावंतवाडी. येथे मोती तलावाकाठी अर्धा तास विसावा घ्यायचा, कारण घाटाच्या वळणांनी काकूंना मळमळते. पुढे मळेवाडवरून शिरोडे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने हे गाव गाजले. येथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे अध्यापन केले. ज्यांच्या ‘ययाति’ कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ते या खेड्यात फळ्यासमोर उभे राहत असत, हे आठवले म्हणजे आमच्यासारख्या शाळामास्तरांना उगाचच बळ येते. शिरोड्याहून रेडी आणि रेडीहून तेरेखोल.

मुलांना आम्ही एका वहीत दोन रकाने आखून दिले आहेत. पहिल्यात आजची राज्ये: कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा. दुसऱ्यात १९४० सालच्या सत्ता: बेळगाव आणि चंदगडला ब्रिटिश, आंबोलीपासून सावंतवाडी संस्थान, शिरोडे-रेडीला पुन्हा ब्रिटिश आणि तेरेखोलला पोर्तुगीज. दोन्ही रकाने भरल्यावर धाकट्याने विचारले, “मग काकूआजीचं माहेर नेमकं कोणत्या देशात?” त्यावर काकू म्हणाल्या, “शिरोड्यात.” आम्हांला वाटते, इतिहासाच्या तासाला याहून नेमके उत्तर मिळायचे नाही.

कागदपत्रांची व्यवस्था आधीच करावी. स्वतःची गाडी असेल तर नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि चालकाचा परवाना मुदतीत आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वी आठ दिवस पाहावे. गाडी भाड्याची असेल तर परराज्यात जाण्याचा परवाना घेतला आहे ना आणि कर भरला आहे ना, हे मालकाला स्पष्ट विचारावे. नाक्यावर विचारपूस झाली म्हणजे खोळंबा प्रवाशांचाच होतो. गोव्यातून परतताना कोणाच्या आग्रहाखातर मद्याची बाटली सामानात येऊ देऊ नये. महाराष्ट्राच्या हद्दीत त्याला परवाना लागतो आणि तपासणीही होते. एस. टी. ने जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी गाड्या चालू असल्याची खात्री करून घ्यावी. सीमाप्रश्नाची ठिणगी पडली की पहिला फटका बसगाड्यांना बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधली बसवाहतूक विस्कळीत झाली होती. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. सीमेवर राहणाऱ्याने वर्तमानपत्र पाहून पिशवी भरावी, इतकेच.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो भरती-ओहोटीचा. तेरेखोल आणि केरी यांच्या दरम्यान गोवा शासनाची फेरीबोट चालते; पण ओहोटी फार खोल गेली की ती अडते. कोकणातला जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. पौर्णिमा ही पंधरावी तिथी; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, संध्याकाळी पाचच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, तशी ओहोटीही खोल जाते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. त्यामुळे पौर्णिमेला दुपारपूर्वी नदी ओलांडणे सोयीचे, पण त्याच संध्याकाळी परतण्याचा हट्ट धरणे गैरसोयीचे. म्हणून आम्ही पहाटे पाचला निघून अकरापर्यंत तेरेखोल गाठायचे, मुक्काम केरीला करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतीच्या वेळी परतायचे, असे ठरवले आहे. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. अर्थात हा पंचांगाचा अंदाज. फेरीच्या वेळा केरीहून फोनवर विचारून घेणारच आहोत. घाटात फोन लागतोच असे नाही, म्हणून सारे क्रमांक कागदावर उतरवून काकूंच्या पिशवीत ठेवले आहेत. त्यांच्या औषधांची चिठ्ठीही तेथेच आहे.

शिदोरी साधीच: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात आणि घाटासाठी आवळासुपारी व आलेपाक. ताईंसाठी बेळगावचा कुंदा.

फेरी बंदच असली तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून केरीला जाता येते. वळसा पडतो, पण गाडी थेट ताईंच्या दाराशी जाईल आणि काकूंना धक्क्यावर चढ-उतार करावी लागणार नाही. सोयीचा विचार केला तर हाच मार्ग पहिल्याने घ्यावा, असे आम्ही काकूंना सुचवून पाहिले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुलाचा रस्ता राहू दे. तेव्हा जी नदी ओलांडता आली नाही, तीच ओलांडून जाऊ या. ताईला कळव, म्हणावं सव्वाअकराला.”

तेव्हा पुलाची वाट अडीअडचणीसाठी राखून ठेवली आहे. एकच काम उरले आहे: त्या दिवशी ताईंना धक्क्यावर आणून बसवणारे कोणी केरीला मिळेल का, याची चौकशी चालू आहे.