भ्यालेला शूर

गॅरी कूपर १९५९ साली कॅथलिक झाला, १९६१ साली निवर्तला. परंतु मला ओढ आहे ती १९५२ च्या ‘हाय नून’मधील त्याच्या मार्शल विल केनची. पडद्यावर निर्भय वीर पुष्कळ पाहिले. हा उघड भ्यालेला. सूड उगवायला फ्रँक मिलर दुपारच्या गाडीने येणार, म्हणून केन रविवारच्या उपासनेत शिरून मदत मागतो. काहीजण उठतातही. मग चर्चा रंगते, केनची स्तुती होते आणि बरोबर कोणीच जात नाही. कूपरचा पन्नाशीतला सुरकुतलेला चेहरा नुसता पाहत राहतो.

गावच्या सभेत एका शेजाऱ्याची बाजू खरी आहे हे ठाऊक असूनही मी एकदा गप्प बसलो होतो. तेव्हापासून हा प्रसंग पाहताना माझी नजर कूपरवर ठरत नाही, बाकांवर जाते.