ताणानंतरचा बहार

नागपुरी संत्र्याला वसंतात फूल येते ते थंडीत सोसलेल्या तहानेमुळे. डिसेंबर लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बागांचे ओलीत बंद होते. थंडी आणि कोरडी जमीन यांमुळे झाडाची वाढ थांबते, पालवीत गेले असते ते अन्न फांद्यांत साठते. यालाच ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे दिवस जास्त लागतात. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. किती गळू द्यायची, हे ओळखण्यातच बागायतदाराची खरी कसोटी. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाड खचते. कलम लावल्यावर पहिली चार-पाच वर्षे बहार धरत नाहीत, ते याच कारणाने: कोवळ्या झाडाला ही ओढ सोसत नाही.

जानेवारीत ताण तोडतात. खत घालून पहिले पाणी हलके, पुढचे भरपूर. काही आठवड्यांत नव्या फुटीबरोबर कळ्या दिसू लागतात. हा आंबिया बहार. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत येतो म्हणून आंबिया. फूल बोराएवढेही नसते. पाच जाडसर, मेणासारख्या पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात, मधोमध पिवळी केसरे, आणि वास मात्र बांध ओलांडून रस्त्यावर येतो. पाकळ्या झडल्या की देठाशी मोहरीएवढी हिरवी गुंडी उरते. त्यांतल्याही बहुतेक गळतात; फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तर उरलेल्यांचेही खरे नसते. पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या मृग बहाराची फळे याच दिवसांत तोडणीला येतात, त्यामुळे एका वावरात फुलांचा सडा आणि शेजारच्या वावरात संत्र्यांचे ढीग दिसतात.

बागेबाहेरच्या पळसाला आणि काटेसावरीला कोणी पाणी देत नाही. पाने टाकून ती होळीच्या सुमारास लाल होतात. पाडव्याला कडुनिंबाचा बारीक फुलोरा प्रसादात येतो. एप्रिलमध्ये अंगणातला मोगरा भरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, तेव्हा शहरात बहावा आणि गुलमोहर फुललेले असतात. तोवर संत्र्याच्या झाडावर फूल नसते, पानांआड हिरवी फळे असतात. ती पिकून नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात यायला नोव्हेंबर उजाडतो.