घाटातलं ॲव्हरेज

गाडी घेऊन येणारा माणूस तासभर पिकअपबद्दल बोलतो आणि निघताना, किल्ली हातात घेता घेता, हळूच विचारतो, "दादा, ॲव्हरेज किती पडेल?" दोनशे हॉर्सपॉवरची गाडी घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही. मला तो आवडतो. पॉवर वाढवणं त्यापुढे सोपं आहे.

काही वर्षांपूर्वी एक पोलो जीटी टीएसआयवाले गृहस्थ आले. इथे चाकणलाच बनलेली गाडी. बाराशे सीसी, टर्बो, १०५ पीएस. कंपनीच्या कागदावर लिटरला १७.२ किलोमीटर, यांना मिळत होतं अकरा. "सहा महिने महागाचं ९७चं पेट्रोल भरतोय, ॲव्हरेज ढिम्म हललं नाही. पंपवाला फसवतो का?"

कोणी फसवत नव्हतं. ९७चं पेट्रोल साध्या ९१पेक्षा जास्त ताकदवान असतं, हा समजच चुकीचा. लिटरमागची ऊर्जा जवळपास तेवढीच. ऑक्टेनचा आकडा सांगतो तो पेट्रोलचा दम. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढत असताना, ठिणगीची ज्योत येऊन पोचेपर्यंत ते किती दम धरतं, एवढंच. दम सुटला की कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. (हे मोजायला १९२०च्या दशकात दोन टोकं ठरवली: आयसोऑक्टेन म्हणजे १०० आणि हेप्टेन म्हणजे शून्य. ते हेप्टेन तेव्हा अमेरिकेतल्या एका पाइनच्या चिकापासून काढत. आमच्या धंद्यातलं शून्य असं झाडातून आलेलं आहे.)

त्या आवाजावरच माझ्या वस्तादांनी मला ठिणगीचं टायमिंग शिकवलं. पद्मिनी मोटारीचा डिस्ट्रिब्युटर ढिला करायचा, केसभर पुढे फिरवायचा, गाडी कात्रजच्या चढाला घालायची आणि टॉप गियरमध्येच एक्सलरेटर पूर्ण दाबायचा. किंचित खडखड ऐकू आली पाहिजे, आली की केसभर मागे. अजिबात खडखड नसली तर वस्ताद म्हणत, "इंजिन झोपलंय." आता तोच कान ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर झालाय आणि डिस्ट्रिब्युटर फिरवणारा हात कॉम्प्युटर. मी फक्त लॅपटॉप लावून त्या दोघांचं बोलणं वाचतो.

पोलोचं ते बोलणं वाचायला आम्ही दोन रविवार खंबाटकीला गेलो. एकदा टाकीत ९७, एकदा टाकी तळाला आणून साधं. शिरवळच्या आसपास, सपाटीवर, ८०च्या वेगाला दोन्ही पेट्रोलवर टायमिंग सारखंच. साहजिक आहे. तिथे एक्सलरेटरवर पाय नुसता टेकलेला, सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी. ९१लाही दम धरणं जड जात नाही. फरक दिसला तो घाटात. तिसरा गियर, टर्बो पूर्ण भरलेला, आणि साध्या पेट्रोलवर कॉम्प्युटर दोन नंबरच्या सिलिंडरचं टायमिंग पाच-सहा डिग्री मागे ओढत होता. ९७वर जेमतेम एक.

टायमिंग मागे गेलं की पेट्रोल उशिरा जळतं. जी उष्णता पिस्टन ढकलायची ती सायलेन्सरच्या वाटेने निघते आणि जाताना टर्बो लालबुंद करते. मग कॉम्प्युटर टर्बो वाचवायला वरून जास्तीचं पेट्रोल ओततो. ते पेट्रोल गाडी ओढायला नव्हे, गार ठेवायला जातं. ॲव्हरेजची खरी गळती ही.

गृहस्थांचा रोजचा रस्ता मात्र कोथरूड ते हिंजवडी. सिग्नलला उभ्या इंजिनात ९७चा दम काय कामाचा? तिथे दम माणसाने धरायचा.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण एकदा मीच तोंडावर आपटलोय. सुरुवातीच्या काळात परदेशातून विकत घेतलेला एक मॅप, म्हणजे कॉम्प्युटरचा टायमिंग-पेट्रोलचा तक्ता, मी गाडीत भरला. वर लिहिलं होतं ९१. आपल्याकडेही ९१, म्हटलं जमलं. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीचा असतो, दोन चाचण्यांची सरासरी. आपल्याकडच्या आकड्यापेक्षा तो चार-पाचने कमी दिसतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. गाडी चढावर खडखडली, कॉम्प्युटर टायमिंग मागे ओढत राहिला, आणि तेरा देणारी गाडी नऊवर आली. पिस्टन वाचले हे नशीब. मॅपचे पैसे घेतले नाहीतच, वर प्लगही माझ्या खर्चाने बदलून दिले.

आता इथेनॉल आलं आणि हिशेब पुन्हा फिरला. आपल्याच शेतातलं, ऑक्टेन १०८च्या आसपास, म्हणजे दम भरपूर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश. २० टक्के मिसळलं की टाकीतली सातेक टक्के ऊर्जा गेलीच. जास्तीच्या दमाचा उपयोग करून टायमिंग पुढे घेता आलं तर त्यातलं थोडं परत मिळतं. ज्या गाडीच्या मॅपला तेवढं पुढे जायची मुभाच नाही, तिला नुसता तोटा. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ई२०साठी न बनलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के घट धरलेली होती.

पोलोला शेवटी मी ९७साठी मॅप लिहून दिला. खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवला, म्हणजे चढावर गियरबॉक्सला सारखं खाली उतरायला नको. बजावून सांगितलं: यापुढे साधं पेट्रोल भरायचं नाही, आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला असतो. मॅपमध्ये इंजेक्टरचं गणित हललं की तो बेलाशक खोटं बोलतो. वही ठेवा. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, तोच पंप, नोझलच्या पहिल्या कटला थांबायचं.

दोन महिन्यांनी वही घेऊन आले, चेहरा पडलेला. अकराचं साडेदहा झालं होतं. मी पानं चाळली. निळ्या पेनाने लिहिलेल्या टाक्या दहा, साडेदहा, दहा. मधेच पेन्सिलीने नीटस अक्षरात बारा, साडेबारा.

"पेन्सिलीवाल्या कोणाच्या?"

"ते दोन आठवडे मी बंगलोरला होतो. गाडी बायकोकडे होती."

मी काहीच बोललो नाही. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "दादा, ती नक्की त्याच पंपावर भरत असेल ना?"