पस्तिसावा दिवस उलटल्यावर

बदकीण अंड्यांवर बसली की येणारा-जाणारा विचारतो, पिल्लं कधी निघणार? मला त्याहून अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न. पिल्लं निघालीच नाहीत तर तिला उठवायचं कधी?

खाकी कँपबेल पाळणाऱ्यांपुढे हा पेच येत नाही. ती जात वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते, पण बसायचं नाव काढत नाही. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवायची, ही जुनी रीत. मस्कोव्हीचं तसं नाही. तोंडावर लाल चामखिळी असलेलं हे दक्षिण अमेरिकेतलं बदक प्रजातीनंच निराळं. इतर पाळीव बदकांची पिल्लं २८ दिवसांत निघतात, मस्कोव्हीला ३५ लागतात. कोंबडीच्या २१ दिवसांची सवय असलेल्या घरात इथेच घोळ होतो. महिना होत आला की कोणीतरी ‘बघू तरी’ म्हणून एक अंडं फोडतं आणि आत जिवंत पिल्लू निघतं.

बसलेली मस्कोव्ही मी तासन्‌तास बघू शकते. छातीची मऊ पिसं उपटून ती घरट्याला अस्तर लावते. दिवसातून एकदाच उठते, उठताना ती पिसं अंड्यांवर ओढून घेते, मग खाणं, पाणी, आंघोळ आणि दुर्गंधी सुटेल अशी भलीमोठी विष्ठा. ओल्या पोटानंच परत येऊन बसते. तो ओलावा अंड्यांना लागतो, म्हणून तिचं आंघोळीचं घमेलं कधी कोरडं पडू देऊ नये.

तरीही अंडी बिघडतात, विशेषतः वैशाखात. मादी एकेक अंडं घालत दोन-दोन आठवडे घालवते आणि मगच बसते. तोवर पहिली अंडी नुसती पडून असतात. थंडीत ती निवांत झोपतात, पण कोकणातल्या मेच्या उकाड्यात आतला जीव अर्धवट जागा होतो, त्याला पुरेशी ऊब मिळत नाही आणि तो मरतो. विजांच्या कडकडाटानं अंडी गढुळतात म्हणून घरट्यात लोखंडाचा खिळा ठेवणारी माणसं आमच्याकडे आहेत. खिळ्यानं कोणाचं बिघडत नाही, मी आड येत नाही. पण दोष उकाड्याचा. दुसरं कारण शेजारच्या बदकिणी. ही उठली की त्या येऊन तिच्याच घरट्यात अंडी घालून जातात. बसायला लागली त्या दिवशीच सगळ्या अंड्यांवर पेन्सिलनं खूण करावी, नंतरची बिनखुणेची रोज काढून घ्यावीत.

आठवड्यानं, रात्री, हात लांब बाह्यांत झाकून अंडी टॉर्चवर धरते. बदकीण फिस्कारते, पंखानं फटका मारते, तो लागतो. जिवंत अंड्यात मधल्या ठिपक्यापासून लाल शिरांचं कोळ्याचं जाळं पसरलेलं दिसतं. फोल अंडं आरपार स्वच्छ. आत नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर जीव येऊन गेलेला. फोल आणि मेलेली लगेच काढावीत, कारण उबेत नासलेलं अंडं आतल्या वायूनं फुटतं आणि त्याची घाण चांगल्या अंड्यांच्या कवचातून आत शिरते.

पस्तिसावा दिवस गेला म्हणून घाई नको. कवचाला आतून टोचा पडल्यावर पिल्लाला बाहेर यायला दीड-दोन दिवसही लागतात. त्या वेळात कवच सोलून ‘मदत’ करू नये. शिरांतलं रक्त आणि पोटाबाहेरचा बलक आत शोषला जायचा असतो. आणखी तीन-चार दिवस थांबून पुन्हा टॉर्च धरावा. कुठे हालचाल नाही, टोचा नाही, वास यायला लागला, की तिला उठवायचं.

शेजारच्या काकू म्हणतात, “बसू दे गो, कंटाळली की उठेल.” ती कंटाळत नाही. तिच्या अंगातलं संप्रेरक दिवस मोजत नाही. अंडी पोटाखाली आहेत तोवर ती बसते, आणि पाच आठवड्यांच्या अर्धपोटी बैठकीनं आधीच हलकी झालेली असते. मोजायचं काम आपलं. अंडी आणि घरटं दोन्ही हलवावं लागतं, नाहीतर ती मोकळ्या पेंढ्यावरही बसून राहते. जमिनीपासून उचललेल्या, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला ठेवावं. पोटाला वारा लागतो, ऊब तुटते. उजेड, दाणा, पाणी मुबलक. तीन-चार दिवसांत पिसं फुलवणं थांबतं. खुडूक कोंबडीच्या नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात, ते मला मान्य नाही; जाळीनं जमतं तिथे जाच कशाला?

एक वाट आणखी आहे. कुठे एक दिवसाची बदकपिल्लं मिळाली तर रात्री अंधारात एकेक अंडं काढून तिथे एकेक पिल्लू सरकवायचं. बहुतेक वेळा सकाळपर्यंत ती तिची होतात, मग ती खाकी कँपबेलची असली तरी. पहाटे मात्र जवळ थांबावं. बदकीण चोच मारू लागली तर पिल्लं लगेच उचलायची. कोंबडीची पिल्लं तिच्याखाली देऊ नयेत. ती आंघोळ करून ओल्या पोटानं त्यांच्यावर बसते, आणि त्यांना गारठा सोसत नाही.