शितावरून

सुशी खायला गेलेल्या माणसाचं लक्ष माशाकडे असतं. माझं भाताकडे जातं. पुण्यासारख्या समुद्रापासून लांबच्या गावात मासा बर्फातूनच येणार, हे धरून चाललेलं बरं. भात मात्र त्या दिवशी, त्याच स्वयंपाकघरात, तिथल्याच कुणीतरी शिजवलेला असतो. हे सामान बाहेरून आलं, वाटेत खराब झालं, अशी सबब भाताला सांगता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी मी भातावरून हॉटेलाची करते.

ही खोड आजोळची. पौडच्या पुढे, मुळशी खोऱ्यात आमच्या आजीचं घर. खाचरात आंबेमोहोर पिकायचा. ठेंगणा दाणा, शिजला की मऊ, एकमेकांना धरून राहणारा, आणि ओसरीपर्यंत पोचणारा वास. नवा तांदूळ दिवाळीच्या सुमाराला घरात यायचा, पण आजी तो लगेच पानात वाढायची नाही. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो म्हणून तो कणगीत मुरायचा आणि आम्ही आदल्या वर्षीचा खायचो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुलतो आणि त्याची शितं सुटी राहतात. भात होत आला की आजी पळीच्या टोकावर एक शीत घेऊन दोन बोटांत दाबायची. मग तपेली वैलावर सरकायची. शेतावरून आलेल्या गड्यांना मोकळा भात, दात गेलेल्या आजोबांना त्यातलाच थोडा पाणी घालून गुरगुट्या केलेला, ताप आलेल्या पोराला पेज. एकाच तपेलीतून इतक्या तऱ्हा निघायच्या, कारण कोण कसा जेवतो हे वाढणारीला ठाऊक होतं. ती स्वतः शेवटी जेवायची आणि खरवड तिच्याच वाट्याला यायची. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्या घरात शिजलेला भात कसा झालाय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं, हेही खरं.

पुढे मी पुण्यात जपानी शिकले. आमच्या गावात ही भाषा शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथे जपानी कारखाने आले तशी दुभाष्यांना कामंही मिळू लागली. त्यातल्याच एका कामावरून मला नागोयाजवळच्या कारखान्यात पाठवलं. तिथल्या कॅन्टीनमध्ये भाताच्या काउंटरवर एक बाई उभ्या असायच्या. भात मोठा, मध्यम की लहान, एवढंच त्या विचारायच्या. थोड्याच दिवसांत मला ते विचारणंही त्यांनी बंद केलं. मी रांगेत दिसले की मध्यम वाडगा भरून तयार. परमुलखात आपली भूक कुणीतरी लक्षात ठेवली आहे, हे पाहून मला आजोळची पंगत आठवली. फरक इतकाच की त्या आग्रह करत नसत.

स्टेशनजवळ एक लहानसं जेवणाचं दुकान होतं. ताटात डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे मिसो सूप, पलीकडे मासा, एक भाजी, दोन फोडी लोणचं, आणि आपल्यासमोर आडव्या ठेवलेल्या काड्या. हे सगळं एकाच वेळी पुढ्यात यायचं, कारण भाताचा घास, सुपाचा घोट, माशाचा तुकडा असं फिरत फिरत ते जेवण जेवायचं असतं. शरद ऋतूत दुकानदाराने दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला: नवा तांदूळ आला आहे. मला गंमत वाटली. आमच्याकडे नवा तांदूळ वर्षभर मागे ठेवायचा, आणि इथे त्याची दवंडी! त्यांना हवा असतो तो नव्या दाण्याचा ओलावा आणि चकाकी, जी आजी मुरवून घालवायची. दोन्ही घरांची आवड उलटी. पण कोणता तांदूळ कधी वाढायचा याचा विचार दोन्हीकडे सारखाच झालेला.

तिथेच मी सुशीचा भात होताना पाहिला. गरम भात लाकडाच्या पसरट, उथळ भांड्यात उपसतात. त्यावर साखर-मीठ विरघळवलेलं तांदळाचं व्हिनेगर शिंपडतात आणि उलथनं आडवं कापल्यासारखं फिरवत ते मिसळतात. घोटायचं नाही, नाहीतर चिखल होतो. जोडीला कुणीतरी पंख्याने वारा घालतं. जास्तीचा ओलावा लाकूड पितं आणि भात निवतो, तो साधारण अंगाच्या उबेइतका. त्याच वेळी तो हातात घ्यायचा. फ्रिज हा भाताचा वैरी. शिजताना फुगलेला स्टार्च गारठ्यात पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणा टणक होतो, तोंडात खडीसारखा फिरतो. जपानमध्ये तोशिबाने १९५५ साली आपोआप बंद होणारा विजेचा कुकर बाजारात आणला आणि घराघरातल्या बाया पहाटेच्या चुलीतून सुटल्या. सुशीवाल्याला मात्र भाताजवळ उभं राहण्यातून सुटका नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या उपनगरात नव्याने उघडलेल्या जपानी हॉटेलात गेले. बरोबर निवृत्तीला टेकलेले एक जपानी इंजिनिअर होते, कारखान्यातले जुने परिचित. दारात कागदी कंदील, छताला प्लॅस्टिकचा चेरीचा बहर. आत पाऊल टाकताच किमोनोसारखे झगे घातलेल्या चार मुलांनी एका सुरात ‘इराश्शाइमासे’ची आरोळी ठोकली. त्यानंतर बराच वेळ कुणी फिरकलं नाही. आली ती आधी तेंपुरा. ती संपल्यावर सुशी, आणि शेवटी, बिल मागायची वेळ आली तेव्हा, मिसो सूप. ते खदखदा उकळून आणलेलं, म्हणजे मिसोचा वास वाटेतच उडालेला. माझ्या समोरची ताटली माझी काडी तिच्यावर असतानाच उचलली गेली. सुशीतला भात थेट फ्रिजमधून आला होता. माशाला आम्ही दोघांनीही माफ केलं असतं.

मग साध्या भाताचा वाडगा आला. त्यात दोन काड्या उभ्या खोचलेल्या, झेंडे रोवावेत तशा. जपानमध्ये असा भात मृताच्या उशाशी ठेवतात. आपल्याकडे दहाव्याचा पिंड कुणी जेवणाच्या पानात वाढावा, त्यातलाच प्रकार. माझ्या पाहुण्यांनी शांतपणे दोन्ही काड्या उपसल्या, आडव्या ठेवल्या आणि शेवटच्या शितापर्यंत तो भात संपवला. मला मात्र राहवलं नाही. मॅनेजरला बोलावलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, प्रेझेंटेशन आहे. फोटो छान येतो.’’

जपानी तांदूळ महाग पडतो, ही अडचण मला समजते. पण पाहुण्यांनीच मला मागे सांगितलं होतं, ते फ्लॅटवर इंद्रायणी शिजवतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोरापासून काढलेलं हे वाण पुण्यातल्या कोणत्याही वाण्याकडे मिळतं आणि चिकटपणात ते त्यांना घराच्या जवळ नेतं. हॉटेलापासून तासाभराच्या रस्त्यावर तो तांदूळ पिकतो. तेवढी चौकशी कुणी केली नव्हती.

आम्हाला वाढणारा मुलगा मात्र चांगला होता. गोंधळलेला, पण नम्र. मॅनेजर गेल्यावर तो काड्यांबद्दल माफी मागू लागला. मी विचारलं, ‘‘घर कहाँ है?’’

‘‘मणिपूर, मॅम. इंफाल के पास.’’

‘‘यहाँ का खाना खाया है कभी?’’

तो हसला. ‘‘नहीं मॅम. स्टाफ का खाना अलग होता है. दाल-चावल, चार बजे.’’

मग आपणहून म्हणाला, की घरी त्यांच्याकडे चाकहाओ असतो. काळा तांदूळ, चिकट. सणासमारंभाला त्याची खीर होते. आई तो किती भिजवते, किती पाण्यात शिजवते, ताजा कसा खायचा असतो, हे त्याने एका दमात सांगितलं. आणि आवाज उतरवून, ‘‘ये वाला चावल ठंडा अच्छा नहीं लगता, मॅम. मैंने बोला था.’’

त्याला कामावर कशासाठी घेतलं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. ईशान्य भारतातल्या मुलांना आपल्या शहरांतली चिनी-जपानी हॉटेलं रांगेने उभी करतात, ती चेहऱ्यासाठी. गिऱ्हाइकाला वाटावं, आपण टोकियोत आलो. कंदील घेतले तसा हा चेहराही घेतला. त्या चेहऱ्यामागे चिकट भाताची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे, अख्ख्या हॉटेलात मालकापेक्षा त्या मुलालाच भात जास्त कळतो, याची कुणाला गरज वाटली नाही. त्याने सांगितलं तेही कुणी ऐकलं नाही. वाईट सेवेबद्दल आपण वेटरवर चिडतो. पण जे स्वतः कधी चाखलं नाही ते माणूस वाढणार कसं? सूप आधी की नंतर, भात गार की कोमट, हे त्याला तोंडपाठ करायला लावता येईल. पण ताट पुढे ठेवताना जेवणाऱ्याच्या तोंडात काय होणार आहे हे दिसायला हवं, तर एकदा त्या खुर्चीत बसून जेवावं लागतं. आजीला खरवड मिळायची, पण निदान त्याच तपेलीतली.

बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं होतं. जपानमध्ये टीप ठेवली तर दुकानदार ती परत द्यायला मागे धावत येतो. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली असं शुल्क परस्पर बिलात लावायला मनाई केली, तरी ते येतंच. मी ते काढायला लावलं आणि तेवढे पैसे मुलाच्या हातात ठेवले.

निघताना मॅनेजरने अभिप्रायाचं कार्ड पुढे केलं. चव, सेवा, वातावरण असे तीन रकाने, प्रत्येकात पाच तारे. तिन्ही रिकामे सोडून मी खाली लिहिलं, ‘आठवड्यातून एकदा तुमच्या मुलांना गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसवून हेच जेवण वाढा. आणि भाताबद्दल ते काय म्हणतात ते ऐका.’