काशीतली भांग आणि कायद्याची रेघ

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरं पिढ्यानपिढ्या नांदताहेत. महाशिवरात्रीच्या सुमारास मी अशाच एका घरी, नात्यातल्या काकांकडे उतरलो होतो. निघताना गावाकडच्या दोघा-तिघांनी 'येताना थोडी भांग आण' असं सांगितलं होतं. तिथे ती उघड मिळते, मग आणायला काय हरकत, असा त्यांचा समज. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "आधी दुकान बघ, मग बोलू."

गल्लीच्या तोंडाशीच दुकान होतं. वर 'सरकारी भांग की दुकान' अशी पाटी. आत परातीत वाटलेल्या भांगेचा ओलसर, काळपट हिरवा गोळा आणि शेजारी वळून ठेवलेल्या बोराएवढ्या गोळ्या. कोपऱ्यात एक म्हातारा सिलवर लोढ्याने पानं रगडत होता. मधूनमधून पाण्याचा हबका आणि काळी मिरी. "लोढा उचलला की सिलही चिकटून उचलली गेली पाहिजे, तेव्हा वाटण झालं," तो म्हणाला. बदाम, बडीशेप, खसखस, गुलाबपाकळ्यांच्या थंडाईत हीच गोळी विरघळवतात.

घरी येऊन काकांनी सगळं नीट समजावलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, चरस आणि गांजा येतात. चरस म्हणजे झाडाचा चीक, गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानांना अशीच सूट होती. म्हणून पानांच्या भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. उत्तर प्रदेशात अबकारी खातं तिच्या विक्रीचा परवाना देतं. झाड एकच; पानाला परवाना आणि फुलोऱ्याला तुरुंग.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यात भांगही येते. परवान्याशिवाय जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हाच. इथली पावती तिकडे चालत नाही, बाळा."

मी गावी फोन करून आणणार नाही म्हणून सांगितलं, कारणासकट. एकजण थोडा नाराज झाला. पण गाडीत पोलिसांनी पिशवी उघडली असती, तर काशीचा प्रसाद म्हणून कोणी सोडलं नसतं.

त्या दिवसांत मी ॲबसिंथ या युरोपातल्या हिरव्या दारूविषयी वाचत होतो. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका मजुराने बायको आणि दोन मुलींचा खून केला. दिवसभरात त्याने वाइन भरपूर ढोसली होती, पण बोट दाखवलं गेलं ते ॲबसिंथकडे. १९१० मध्ये तिथे आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये तिच्यावर बंदी आली. स्वित्झर्लंडमधली बंदी उठायला २००५ साल उजाडलं. मधल्या काळात तिथल्या डोंगराळ भागात ती चोरून गाळली जात होतीच. आज युरोपात तिच्यातल्या थुजोन या घटकाच्या प्रमाणाला मर्यादा घातलेली आहे, आणि दारू उघड विकली जाते.

काशीतली परवान्याची पद्धत मला म्हणूनच पटते. दुकान ठरलेलं, विकणारा ठरलेला आणि काही बिघडलं तर जाब विचारायला खातं आहे. चोरट्या धंद्यात यातलं काहीच नसतं. मात्र परवाना आहे म्हणून भांग निरुपद्रवी ठरत नाही. पोटात गेलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून लोक दुसरी गोळी घेतात, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. छातीत धडधड होते, भीती दाटते. हृदयविकार किंवा मानसिक आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तिच्यापासून लांबच राहावं. ओळखपाळख नसलेल्याने पुढे केलेला पेला कोणीच घेऊ नये.

काशीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: घ्यायचीच असेल तर सरकारी दुकानातून, थोडी आणि तिथेच. सामानात तिला जागा देऊ नका.